सत्तावीस बांगड्यांचं घर

त्या घराला रस्त्याच्या बाजूने दार नव्हतं. लामत्याला छोट्या लाइनीच्या गाडीतून उतरून पाऊण तास चाललं की नहराच्या पाळीवर, काठच्या बांधावर, ते दिसायचं, आणि जे दिसायचं ती त्याची पाठ असायची: दगडी भिंत, वर कवेलूंचं उतरतं छप्पर आणि छपरातून वर आलेलं विटांचं धुराडं. पोस्टमन त्या भिंतीकडे तोंड करून हाक मारी. नवा माणूस दार शोधत भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरे. मग पलीकडून आवाज येई, "पाठीकडून काहून येता बाप्पा? घराच्या तोंडाकडून या."

हा आवाज गेटच्या राखणदाराचा. नहराचं गेट उघडणं, बंद करणं, पाण्याची पातळी लिहून ठेवणं हे त्यांचं काम आणि हे घर म्हणजे त्यांची सरकारी चौकी. माणूस पन्नाशीकडे झुकलेला, बुटका, खाकी अर्धी विजार आणि वर घरची बंडी. आसपासच्या गावांत त्यांना चौकीवाले काका म्हणत. मीही म्हणे.

माझं तिथे जाणं कामासाठी होतं. राज्यांची फेररचना होऊन पाच-सहा वर्षं झाली होती. नागपूर तिकडे गेलं, बालाघाट इकडे राहिलं, पण बालाघाटात नागपूरचा पेपर वाचणारी मराठी घरं होती आणि त्या पेपराचा मी बातमीदार होतो. धानाच्या हंगामात आठवड्यातून एकदा नहराची पातळी कळवायची, चार ओळींत. काका पातळी फुटांत सांगत नसत. घराच्या दारापासून तीन दगडी पायऱ्या पाण्यात उतरत. "दुसरी पायरी, खाली चार बोटं," असं ते सांगत. गेटाशी लोखंडी मोजपट्टी होती, पण तिच्यावर त्यांचा भरवसा नव्हता. पट्टी दरसाल कोणीतरी रंगवतो, पायरीला कोणी रंगवत नाही, एवढंच त्यांचं म्हणणं. एकदा दोन्हींत फरक आला तेव्हा मी पट्टीचा आकडा पाठवला. पुढच्या खेपेला कळलं की रंगाऱ्यानं त्या साली आठ आणि नऊची अदलाबदल केली होती. त्यानंतर मी पायऱ्या मोजायला शिकलो.

घराची हकिकत काकांकडून मी निदान सहा वेळा ऐकली आणि ती एकदाही बदलली नाही. नहर खोदणाऱ्या इंग्रज इंजिनिअरच्या मुलखात म्हणे नहरातून बोटी चालत. पाणी कोंडून बोट वर-खाली करायचं गेट असे आणि त्या गेटाच्या राखणदाराला पाण्याकडे तोंड करून असलेलं छोटं घर असे. इथल्या नहराचा पहिला नकाशा झाला तेव्हा त्यात बोटी होत्या. पुढे खर्चाच्या नावाखाली त्या काढून टाकल्या. राखणदाराचं घर मात्र कोणी काढायचं विसरलं. "कोठी आली," काका म्हणत, "बोटी आल्याच नाहीत."

हे खरं की खोटं, ते मी तपासू शकलो नाही. घर मात्र तसंच होतं. पाण्याकडची भिंत सरळ नव्हती. ती मधोमध तीन कोनांत पुढे आली होती आणि तिन्ही कोनांत खिडक्या होत्या. काका त्याला घराचं नाक म्हणत. नाकात एक लाकडी पाट होता. त्यावर बसलेल्या माणसाला मान न वळवता वरच्या अंगाचं पाणी, समोरचं गेट आणि खालच्या अंगाचा नहर दिसे. छपराची वळचण दोन हात बाहेर आलेली, म्हणून पाऊस कितीही तिरपा आला तरी खिडकी बंद करावी लागत नसे. "हे घर बांधणारा कधी रात्रपाळीले बसला असन," असं काकांचं मत होतं. "नाहीतं इतकं कोणाले सुचते?"

आतल्या खोलीत भिंतीत बांधलेली अंगेठी होती, गोऱ्या साहेबांच्या बंगल्यात असते तशी, संगमरवर नसलेली. बालाघाटच्या हवेत तिचा उपयोग काय, हा प्रश्न पहिल्या राखणदारालाही पडला असावा. काकांनी तिच्यात देव बसवले होते. उदबत्तीचा धूर आपोआप धुराड्यातून वर जाई. देवाच्या दृष्टीने सोय उत्तम होती.

पाळीवर पायऱ्यांच्या बाजूला दगडात रुतवलेली एक जाड लोखंडी कडी होती. बोट बांधायची. पोळ्याच्या दिवशी लोक बैलांची शिंगं रंगवत तेव्हा काका या कडीला तेल लावत. गावातल्या एकानं तिला म्हैस बांधली तर काकांनी म्हैस सोडून थेट त्याच्या दारात नेली. ही बोटीची जागा आहे, असं त्याला सांगितलं. तो म्हणाला, बोट कुठं आहे? काका म्हणाले, म्हैस असल्यावर ती येईल कशी?

भिंतीत खिळा ठोकायला मनाई होती. कॅलेंडर आढ्यावरून दोरीनं लोंबे आणि वारा आला की महिना गोल फिरे. पण खिळ्याची मनाई करणाऱ्या या माणसानं भिंतींना काचा चिकटवल्या होत्या, आणि त्यासाठीच ते चौकीच्या पंचक्रोशीत ओळखले जात.

जुन्या इमारतीला भेग पडली की मिस्त्री तिच्यावर आडवी काचेची पट्टी चुन्यात बसवतो. भेग हलली तर काच फुटते, नाही हलली तर भेग जुनीच आहे असं समजतात. काकांनी ही युक्ती एका म्हाताऱ्या मिस्त्र्याकडून घेतली आणि खात्याकडे काचेच्या पट्ट्या मागितल्या. अर्ज "कारण लिहा" असा शेरा घेऊन परत आला. काकांनी कारण लिहिलं, अर्ज पुन्हा परत आला. तिसऱ्यांदा त्यांनी अर्ज केला नाही. बांगडीचे तुकडे वापरले.

गावातली बाई नहरावर धुणं धुताना बांगडी वाढली की तुकडा पदरात बांधून चौकीवर आणून देई. बांगडी फुटली असं काका कधी म्हणत नसत. बायांप्रमाणे तेही "वाढली" म्हणत. प्रत्येक भेगेवर एक तुकडा आडवा, दोन्ही टोकं चुन्यात, बाजूला खिळ्यानं कोरलेला अंक आणि महिना. मी गेलो तेव्हा सत्तावीस होते. हिरवे जास्त, काही लाल, एक जांभळा. कुठला तुकडा कोणाचा हे काकांना तोंडपाठ होतं. लग्न होऊन लालबर्रा, वाराशिवनीकडे गेलेल्या पोरी माहेरपणाला आल्या की चौकीवर येऊन भिंतीत आपली बांगडी शोधत. ती सापडली की तिच्यावर बोट ठेवून सोबतच्या पोराला दाखवत.

त्या सत्ताविसांत काकूंची एकही नव्हती.

काकूंना ते घर आवडत नसे आणि त्या ते लपवत नसत. त्यांची बहीण लालबर्ऱ्यात राही. तिच्या नवऱ्याला तिथल्या राइस मिलजवळ सरकारी क्वार्टर होता: सपाट छत, विजेचा दिवा, दार रस्त्यावर. "तिच्या दारातून बाजार दिसते," काकू मला सांगत. "माया दारातून काय दिसते? पाणी. पलीकडे पाहा, तं अजून पाणी." स्वयंपाकाची जागा तर घरात मुळातच नव्हती. इंजिनिअरच्या नकाशातला राखणदार बहुधा एकटा असावा. खात्यानं मागाहून कोण्या ठेकेदाराकडून बाजूला एक खोली टेकवून दिली होती, वर सिमेंटचे पत्रे. उन्हाळ्यात ती तापे, पावसाळ्यात ठिबके. काकांनी बांगडी मागितली की काकूंचं उत्तर ठरलेलं होतं. या भिंतीला माझ्या हातचं काही लागायचं नाही.

एका पावसाळ्याच्या सुरुवातीला नवा ओव्हरसियर जीपमधून नहर पाहायला आला. तरुण होता, लांबच्या जिल्ह्यातला. त्याच्याकडे जुन्या इमारतींची यादी करायचं काम होतं. तो घरात वीस मिनिटं होता, भिंती फिरून पाहिल्या, वहीत लिहिलं. काकांना वाटलं, आपल्या कामाची कोणीतरी नोंद घेतली. त्यांनी त्याला प्रत्येक तुकडा दाखवला, एकही सुटू दिला नाही.

महिन्याभरात कागद आला. चौकी राहण्यास अयोग्य, पाडण्यास योग्य. कारण: भिंतींना भेगा, एकूण सत्तावीस. राखणदाराची बदली लालबर्ऱ्याच्या गेटवर. वरिष्ठ इंजिनिअर पाहून अंतिम निर्णय देतील.

ओव्हरसियरनं बांगड्या मोजल्या होत्या. त्याच नहरावर पुढे आणखी एक चौकी होती. तिच्या भिंतीला हात लावला की विटेचा भुगा हाताला येई. ती यादीत नव्हती. तिच्या भेगा कोणी मोजून ठेवलेल्या नव्हत्या.

मी त्या आठवड्यात गेलो तेव्हा चौकीत पाच-सहा माणसं बसली होती आणि सगळ्यांचा सल्ला एकच होता. तुकडे काढा, भेगा लिंपा, वरून चुना मारा. साहेब येईल, पांढरी भिंत पाहील, जाईल. चुना फुकट द्यायला एक जण तयार होता. असा सल्ला देणाऱ्यांत मीही होतो, हे नमूद करायला हवं. पेपरात लिहू का, असंही मी विचारलं. काका म्हणाले, पेपरात पाण्याचं लिहा.

त्यांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "अकरा बरसाती मी या घराची नाडी धरून बसलो. आता वैद्य येऊन राह्यला तं पेशंटचं तोंड झाकू काय?"

"वैद्य नाही येऊन राह्यला," चुना देणारा म्हणाला, "खाटिक येऊन राह्यला."

"येऊ दे. त्यालेही दाखवतो."

काकू दारात उभ्या होत्या. त्या काहीच बोलल्या नाहीत, आणि सगळ्यांनी त्याचा अर्थ एकच घेतला. कागद आल्यापासून त्यांच्या बहिणीचे दोन निरोप येऊन गेले होते. शेजारचाच क्वार्टर रिकामा होता.

इंजिनिअर यायच्या दिवशी मी आदल्या गाडीनंच पोचलो होतो. पाऊस तीन दिवस सारखा पडत होता. सकाळी निरोप आला की जीप वरच्या पुलाशी चिखलात बसली आहे आणि पुढे पाळ खचलेली आहे. काकांना वाटलं, आजचं टळलं. ते नाकात पाटावर बसले. मी शेजारी होतो. थोड्या वेळानं ते एकदम उठले आणि वरच्या अंगाच्या खिडकीला नाक लावून उभे राहिले.

नहरातून डोंगा येत होता. ढिवरांचा, मासेमारीचा, एका लाकडात कोरलेला. मागे ढिवर उभा, मध्ये काळी छत्री उघडून इंजिनिअर बसलेला, पुढे ओव्हरसियर, दोन्ही हातांनी कड धरून.

पुढची पाच मिनिटं काकांना हे आठवत नव्हतं की या डोंग्यातून आपलं घर पाडणारा माणूस येत आहे. त्यांनी दार उघडलं, तिसऱ्या पायरीपर्यंत गुडघाभर पाण्यात उतरले आणि ढिवराला दोर फेकायला सांगितलं. दोर कडीतून ओवला. एक गाठ मारली, तिच्यावर दुसरी, तिच्यावर तिसरी. मग हात जोडून सरळ उभे राहिले आणि म्हणाले, "या साहेब. पाण्यावरून, थेट घराच्या तोंडाकडून येणारे तुम्ही पहिलेच."

इंजिनिअर वयस्क होते, मोजकं बोलणारे, हिंदी बोलणारे. त्यांनी ओव्हरसियरची वही मागून घेतली आणि एकेक भेग पाहू लागले. पहिल्याच तुकड्यापाशी थांबून त्यांनी विचारलं, हे काय आहे. ओव्हरसियर म्हणाला, सर, भेग. ते म्हणाले, भेग मला दिसते, तिच्यावर काय आहे. ओव्हरसियरला ते सांगता येईना. काकांनी सांगितलं. इंजिनिअरनी खिशातून चावी काढली आणि तुकड्याच्या टोकाशी चुना खरवडून पाहिला. तो दगडासारखा होता, जुना, नंतर भरलेला नव्हे. कोरलेला महिना त्यांनी चष्मा वर करून वाचला. पुढच्या तुकड्याशी तेच केलं, त्याच्या पुढच्याशीही. सव्वीस भेगा झाल्या, सव्वीस तुकडे शाबूत होते. ओव्हरसियर मागून चालत होता, हळूहळू मागे पडत.

मग ते वळले आणि विचारलं, "कोई टूटी भी है?"

खोलीत आम्ही सहा जण होतो. काका-काकूंना आणि मला माहीत होतं. काकू स्वयंपाकाच्या खोलीच्या दारात होत्या. एक शब्द त्यांनी उच्चारला असता तर लालबर्ऱ्याचा क्वार्टर त्यांचा होता. त्यांनी पदर सावरला आणि दाराच्या चौकटीला पाठ टेकवून उभ्या राहिल्या. सत्ताविसावी भेग त्या चौकटीच्या मागे होती. ती आता कोणालाच दिसत नव्हती.

"हौ साहेब," काका म्हणाले. "एक वाढली."

त्यांनी काकूंना बाजूला व्हायला सांगितलं. त्या लगेच झाल्या नाहीत. शेवटी झाल्या तेव्हा नवऱ्याकडे त्यांनी असं पाहिलं की ढिवरानंही नजर वळवली. चौकटीमागे, जुनी दगडी भिंत आणि ठेकेदाराची खोली जिथे टेकली होती तिथे, जांभळी बांगडी मधोमध तुटलेली होती. इंजिनिअरनी फटीत बोट घातलं. ते पेरभर आत गेलं. मग त्यांनी वही मिटली आणि बाहेर आले.

आणि डोंगा सुटेना. काकांनी अकरा वर्षं मनात बांधलेली गाठ होती आणि दोर भिजून फुगला होता. ढिवरानं प्रयत्न केला, ओव्हरसियरनं केला. दोर कापायला ढिवर तयार नव्हता. पावसाचा जोर वाढला तसे इंजिनिअर पुन्हा आत आले आणि जागा दिसेना म्हणून नाकातल्या पाटावर बसले. काकूंनी चहा दिला, कप थोडा जोरात ठेवला.

ते अर्धा तास तिथे बसले होते. मी त्यांच्याकडे पाहत होतो. आधी ते कपाकडे पाहत होते. मग समोरच्या गेटाकडे. मग मान न वळवता वर, मग खाली. पाऊस वाऱ्यासोबत आडवा येत होता आणि उघड्या खिडकीतून एक थेंबही त्यांच्या कागदावर पडत नव्हता. थोड्या वेळानं त्यांनी वळचणीकडे पाहिलं आणि हातानं तिची रुंदी मोजल्यासारखं केलं. कागद मांडीवर घेतला आणि लिहिलं.

मूळ इमारत सुस्थितीत, तशीच ठेवावी. मागाहून जोडलेली स्वयंपाकाची खोली धोकादायक, पाडावी. राखणदाराची बदली रद्द. ओव्हरसियरकडे वही देत ते म्हणाले की सत्तावीस हा आकडा खोडू नका, फक्त पुढे "सव्वीस स्थिर" लिहा. तेवढ्यात गाठ सुटली. जाताना नहराच्या कामावरच्या दोन बेलदारांनी पाळीवरून दोर ओढत डोंगा प्रवाहाच्या उलट नेला. काका पायरीवर उभे राहून तो दिसेनासा होईपर्यंत पाहत होते. विलायतेत बोटी अशाच ओढत, असं त्यांनी मला सांगितलं, जणू ते जाऊन आले होते.

आत काकूंनी तोंड उघडलं ते यानंतर. "मी गप्प राह्यली," त्या मला म्हणाल्या, नवऱ्याला नव्हे. "मले तं क्वार्टर पाह्यजे होता, तरी मी गप्प राह्यली. अन् हे बोलले. आता घर त्यायचं राह्यलं, चूल मायी गेली."

मी त्या आठवड्याची बातमी पाठवली: नहर पूर्ण भरून, वरची पहिली पायरीही बुडाली. डेस्कनं फुटांत आकडा मागितला.

खोली पंधरा दिवसांत पाडली गेली. नवीन मंजूर होऊन यायला किती काळ लागेल हे सर्वांना ठाऊक होतं. मी पुढच्या खेपेला गेलो तेव्हा दुरूनच काहीतरी वेगळं दिसलं. धुराड्यातून धूर येत होता, सरळ वर, दाट. काका घरात नव्हते. ते पुलावरून पलीकडे जाऊन समोरच्या पाळीवर उभे होते आणि मान वर करून धुराड्याकडे पाहत होते. मला म्हणाले की घर बांधणाऱ्या सायबानं धुराड्याची ओढ बरोबर काढली आहे, खोलीत कणभर धूर राहत नाही. दिवसातून दोनदा ते असे पलीकडे जात असत, हे मला नंतर कळलं.

आत देव नाकात गेले होते, तिन्ही दिशांना तोंड करून. काकांचा पाट भिंतीशी सरकवला होता. अंगेठीत लाकडं पेटली होती, वर भाताचं पातेलं होतं आणि काकू समोर बसल्या होत्या. हे सगळं त्यांनी एका सकाळी, कोणाला न विचारता केलं होतं. काकांनी देवांबद्दल काही म्हटलं का, असं मी विचारलं. "काय म्हणतीन," त्या म्हणाल्या. "चाळीस-पन्नास वर्षं झाली असन या घराले. भात शिजते का म्हणून कोणी त्याले पुसलंच नाही."

इतक्या वर्षांत उदबत्तीपलीकडे काही न पाहिलेल्या त्या विटांना आच लागली होती. अंगेठीच्या कमानीवर केसासारखी बारीक भेग आली होती. तिच्यावर आडवा तुकडा बसवलेला होता, चुना अजून ओला. हिरवा, वर सोनेरी ठिपके असलेला. बाजूला अंक कोरला होता, अठ्ठावीस.

तोवर काका आत आले होते. मी तुकड्याकडे बोट करून त्यांना विचारलं, ही कोणाची. सत्तावीस नावं तोंडपाठ असलेला माणूस लोंबत्या कॅलेंडराकडे पाहू लागला.

काकूंनी पातेल्यावरचं झाकण सरकवलं. "त्यायले काय विचारता, बाबू," त्या म्हणाल्या. "चूल मायी आहे नं."